दिंद्रुडला ऐकलेला आवाज

पाटोद्याच्या एका बाईंनी दिंद्रुडमध्ये, नात्यातल्या घराच्या ओट्यावर बसून, आपल्या वारलेल्या मुलीचा आवाज ऐकला. त्यांना भास झाला असं सगळ्यांनी ठरवलं, आणि ते ठरवताना शेवटचा शब्द माझा होता. तो भास नव्हता. आवाज खरा होता, तिथे तो मीच नेऊन ठेवला होता, आणि हे मला त्या वेळीही माहीत होतं. आता माझं वय झालं आहे. त्या बाईंचं माझ्याहून जास्त झालं आहे.

बीडला माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. नव्वदीनंतर मुलं टाइपरायटरपाशी टिकेनात, ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा झाला. मी चाळिशी उलटल्यावर तो शिकलो आणि दुकानदारांसाठी एक मराठी प्रोग्रॅम लिहिला. बिल निघायचं, माल किती शिल्लक आहे ते दिसायचं, इतकंच. लिहायला फार अवघड नव्हता. अवघड होतं ते दुसऱ्याच्या मशीनमध्ये टाकणं.

जिल्ह्यात त्या काळी एकसारखी दोन मशीनं सापडणं मुश्कील होतं. कुणी पुण्याहून जुनं उचलून आणलेलं, त्यात विंडोजची थ्री-वन. कुणी नवं घेतलेलं, त्यात नाइन्टी-फाइव्ह. त्याचा कित्ता गिरवायला शेजारच्याने वर्षभराने घेतलं तर त्यात नाइन्टी-एट. माझ्या टेबलावर नीट चालणारा प्रोग्रॅम एका गावात अक्षरं खायचा, दुसऱ्या गावात उघडायचाच नाही. मग मी प्रत्येक आवृत्तीसाठी फ्लॉपींचा निराळा सेट बांधायला लागलो. सेटला रबरबँड, वर रंगीत चिकटपट्टी, सगळे सेट शबनम पिशवीत, आणि मी एस.टी.त.

यात माझी एक सवय होती, ती सांगायला हवी. जुन्या थ्री-वनमध्ये प्रोग्रॅमला आपल्याच फाइली कधी कधी सापडत नसत. म्हणून त्या सेटमध्ये मी महत्त्वाची फाइल दोन ठिकाणी टाकायचो. एक प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीत, म्हणजे त्याच्या कप्प्यात, दुसरी खुद्द विंडोजच्या डिरेक्टरीत. पहिली नाही मिळाली तर प्रोग्रॅम मुकाट्याने दुसरी उचलायचा. दुकानदाराला याचा पत्ता नसायचा. पुढे पुढे मलाही ते आठवेनासं झालं.

प्रोग्रॅम घेणारं पहिलं गिऱ्हाईक पाटोद्याचं. खत-बियाणांचं दुकान, मागे घर. लिंगायत वाण्याचं कुटुंब. मालकांना घरचे आणि बाजारातले सगळेच अण्णा म्हणत. त्यांनी मशीन घेतलं ते थेट नाइन्टी-फाइव्हचं, साउंड कार्ड, दोन स्पीकर आणि माइकसकट. खतं विकायला स्पीकर कशाला, असं बाजारात लोक हसायचे. अण्णांची मुलगी बीडला कॉलेजात होती. सुट्टीत ती दुकानात बसून मालाच्या नोंदी करायची आणि माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायची.

प्रोग्रॅम मिटवताना पडद्यावर प्रश्न यायचा, 'बंद करायचे का?' अण्णांनी तो वाचला आणि मान हलवली.

"सर, ह्यो शब्द काढा. दुकानात 'बंद' म्हणत न्हाईत."

"मग काय म्हणू?"

"दुकान वाढवायचं का, असं विचारायचं. रोज सांजच्याला मशीन मला बंद कर म्हनाया लागलं तर खत कोण घेईल माझं?"

मुलगी हसली. माइक तिच्या हाताशीच होता. "अक्षरं कशाला? मीच विचारते की रोज. नाही तरी मीच विचारत असते." तिने माइक तोंडाजवळ धरला आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "अण्णा, दुकान वाढवू का?"

आतून अण्णांच्या बायकोने, वहिनींनी, ओ दिली, "कावून ओरडतीस गं, आत्ता तर दुपार हाय."

ते पहिल्याच वेळी नीट रेकॉर्ड झालं. 'का'च्या शेवटी तिचं हसू किंचित निसटलेलं होतं, ते मी राहू दिलं.

बाजारात ते गाजलं. मशीन बोलतं म्हटल्यावर जो तो ऐकायला यायचा, आणि प्रोग्रॅम घेणारा प्रत्येक दुकानदार म्हणायचा, पाटोद्याचा बोलणाराच द्या. मी सगळ्या सेटमध्ये तिचा आवाज घातला. तिला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "जिल्हाभर अण्णाच अण्णा होतील मला."

दिंद्रुडच्या किराणा दुकानातलं मशीन जुनं, थ्री-वनचं. त्याला साउंड कार्ड नव्हतं. डब्याच्या आत पिंऽ असं वाजणारा एक चिमुकला स्पीकर असायचा, त्यातूनच आवाज काढणारी एक फाइल मी सेटमध्ये टाकली. आवाज आला, पण खरखरीत आणि जड. मशीन संथ, म्हणून शब्दही संथ, ओढलेले. आतल्या खोलीतून कुणी पोक्त बाई विचारते आहे असं वाटायचं.

दुकानदार म्हणाला, "सर, पाटोद्याला पोरगी अन् आमाला म्हातारी, आसं कावून?"

"तुमचं मशीन म्हातारं म्हणून."

"मग ऱ्हाऊ द्या. घरची बी आशीच विचारती."

आम्ही दोघं हसलो होतो.

पुढच्या वर्षी ती मुलगी काविळीने गेली. आजार लवकर ध्यानात आला नाही. मला कळलं तेव्हा मातीही होऊन गेली होती. मी भेटून आलो, चहा न घेता परतलो.

महिनाभराने अण्णांचा निरोप आला की मशीन बिघडलं आहे. जाऊन पाहिलं तर प्रोग्रॅमच्या निम्म्या नोंदी गडबडलेल्या. मशीन नीट न मिटवता वीज तोडली की असं होतं. मी विचारलं, तेव्हा अण्णा भिंतीवरच्या बटणाकडे बघत म्हणाले, "रोज तिथूनच घालवतो."

"का?"

"मिटवाया गेलं की ती विचारती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिले काही दिवस ते नेहमीसारखंच मिटवत होते. आवाज आला की वहिनी आतून दारापर्यंत यायच्या आणि चौकट धरून उभ्या राहायच्या. पुढे त्या आधीच येऊन उभ्या राहायला लागल्या. दिवेलागणीला स्वयंपाक तसाच टाकून. आवाज झाला की म्हणायच्या, "पुन्हा एकदा."

"सर, आमच्यात माणूस गेलं की लिंगात मिळालं. मागं काही ऱ्हात न्हाई. ना पिंड, ना कावळा. गुरुस्वामींनी सांगितलं, लेक लिंगैक्य झाली, तिला बोलवू नका. अन् मी हितं बटण दाबून रोज बोलवतो. माझ्या हातनं होतंय हे. ह्यातनं काढा तिला. माझ्याच न्हाई, जिथं जिथं घातलं तिथनं काढा. कुणाच्या तरी तोंडून हिच्या कानावर जायाचं न्हाईतर."

मी त्यांच्यासमोर ती फाइल पुसली. प्रोग्रॅम मिटवून दाखवला. पडद्यावर मुका प्रश्न आला. वहिनी चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि आत गेल्या.

"बाकी सगळीकडचा काढतो," मी म्हणालो. "माझा जिम्मा."

आणि मी फिरलो, हे खोटं नाही. दुकानदारांना खरं कारण सांगितलं नाही, प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती आहे एवढंच म्हणालो. शेवटी दिंद्रुड. तिथे प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीतली फाइल पुसली, आणि तेवढ्यात माजलगावच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. प्रोग्रॅम मिटवून पाहायला हवा होता. पाहिला नाही. विंडोजच्या डिरेक्टरीतली दुसरी प्रत माझ्या डोक्यातही नव्हती. गाडी मिळाली याचंच समाधान होतं.

अण्णांना मी सांगितलं, आता कुठेही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनी दिंद्रुडला गेल्या, नात्यातल्या बारशाला. संध्याकाळी बायका ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी ते किराणा दुकान. दिवे लागले, आणि भिंतीपलीकडून त्यांना आवाज आला. वहिनी उठल्या. बायकांनी त्यांना धरून आत नेलं, पाणी पाजलं. त्या एकच सांगत राहिल्या, ती शेजारच्या घरात आहे, तिला दिंद्रुडला ठेवलंय, मला का नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना पाटोद्याला आणून सोडलं.

अण्णांनी मला बोलावणं पाठवलं. मी पाटोद्याला जाण्याआधी दिंद्रुडला गेलो.

दुपारची वेळ. ऊन असं की बाजारात कुत्रंही नव्हतं. दुकानदार गोणपाटावर पडला होता. मी म्हणालो, जरा मशीन बघतो. प्रोग्रॅम उघडला, आणि मिटवला.

डब्यातून खरखर आली. मग ती बोलली, सावकाश, एकेक शब्द ओढत. "अण्णा... दुकान... वाढवू का?" हसू होतं ते त्या संथपणात लांबलं होतं, आणि ते हसू वाटत नव्हतं. मोठा श्वास सोडल्यासारखं वाटत होतं. मला माहीत होतं की ती फाइल आहे. ती कुठल्या डिरेक्टरीत आहे हे त्या क्षणी लख्ख आठवलंही होतं. तरी मी मान वळवून दुकानाच्या आतल्या दाराकडे बघितलं.

"ही अजून बोलते?" मी विचारलं.

"रोजच बोलती की," दुकानदार पडल्या पडल्या म्हणाला. "तुमी दुरुस्ती करून गेलतात, त्या दिवशी बी बोलली."

मी त्याला तेव्हा खरं सांगितलं, मुलगी कोण, कशी गेली. तो उठून बसला.

"मी तिला रोज 'हां बाई, वाढव' म्हणतो," तो म्हणाला.

मी दुसरी प्रत पुसली. या खेपेला मिटवून पाहिलं. मुकं. निघताना त्याला म्हणालो, हे कुणाला सांगू नका. तो म्हणाला, "न्हाई सांगत. माय-बापाला आजून तकलीफ कावून द्यायची."

त्याने दयेपोटी कबूल केलं. मीही स्वतःला तेच समजावलं. पण खरं कारण वेगळं होतं. अण्णांना मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, कुठेही नाही. आणि मेलेली मुलगी बोलते अशी आवई उठली असती तर माझ्या फ्लॉपींना जिल्ह्यात कुणी हात लावला नसता.

पाटोद्याला पुढच्या खोलीत माणसं बसली होती. अण्णा, त्यांचे भाऊ, भावजय, दिंद्रुडहून आलेले ते नातेवाईक. वहिनी भिंतीला टेकून. मी बसल्याबरोबर अण्णांनी विचारलं, "सर, दिंद्रुडच्या मशीनमधी हाय का ती?"

मी उत्तर देण्याआधी वहिनीच माझ्याकडे वळून बोलल्या.

"सर, आवाज जडावलाय तिचा. भराभरा बोलायची, आता सावकाश बोलती. दोन-तीन लेकरांची आई झाल्यागत. थकल्यागत. वय झालंय वो तिचं. तिकडं वय वाढतंय तिचं."

खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. भावजयीने पदर तोंडाला लावला. त्यांच्या लेखी इथेच निकाल लागला. मशीनमधून खरोखर आवाज आला असता तर तो तरुण मुलीचा आला असता, म्हातारीचा कसा येईल. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

आणि मला त्याच वाक्याने कळलं होतं की ही बाई नेमकं तेच सांगते आहे जे मी काल दुपारी ऐकलं. पाटोद्यात तो जड आवाज कुणीच कधी ऐकला नव्हता. तो मनाने रचता येण्यासारखा नव्हता. साउंड कार्ड नसलेल्या एका जुन्या मशीनमधूनच तो निघत होता.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मी काल स्वतः जाऊन बघितलं. त्या मशीनमध्ये आवाज नाही."

यातला एकेक शब्द खरा होता. आवाज नव्हता. काल दुपारपासून नव्हता.

वहिनी चिडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर फक्त एक शंका आली, आणि ती माझ्याविषयी नव्हती, स्वतःविषयी होती. त्यांनी उजवा कान हाताने झाकला, मग सोडला, जसं आपण कानात पाणी गेलं की करतो.

त्यांना अंबाजोगाईला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. एक दिवेलागणीच्या आधी द्यायची, कारण त्याच वेळी त्या अस्वस्थ होत. त्यांना परगावी पाठवणं थांबलं. संध्याकाळी बाहेरच्या दाराला कडी लागायला लागली. अण्णांच्या बोलण्यातून मला हे तुकड्यातुकड्याने कळत गेलं. "गोळी घेतली की शांत असती," ते म्हणायचे. "मुलीचं नावच काढत न्हाई आता." मी मान हलवायचो आणि मशीन बघायचो.

आवाज मात्र थांबला नाही. दुकानदार माझ्या फ्लॉपी एकमेकांना देत होते, आणि त्यांच्याकडून त्या पुढे कुणाकडे जात होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. एकदा युसूफ वडगावला एका कापडाच्या दुकानात धोतर घ्यायला गेलो. मी तिथे कधी काही विकलं नव्हतं. मशीन नवं, नाइन्टी-एटचं, त्यात साउंड कार्डाची चुकीची फाइल बसलेली, म्हणून सगळं दुप्पट वेगाने वाजत होतं. मालकाने मशीन मिटवलं आणि सात-आठ वर्षांची पोरगी किनऱ्या आवाजात घाईघाईने म्हणाली, "अण्णा दुकान वाढवू का?" आणि खुदकन हसली.

माझ्या हातातलं धोतर तसंच राहिलं. दिंद्रुडला ती म्हातारी झाली होती, इथे लहान झाली होती. दुसऱ्या एका गावी फ्लॉपी खराब झाल्यामुळे फाइल अर्धीच उतरली होती. तिथे ती फक्त "अण्णा," म्हणायची आणि थांबायची. मालक सवयीने थोडा वेळ थांबायचा, मग बटण दाबायचा. जिथे जिथे सापडली तिथे मी पुसली. पण पुसताना आता वाटायचं की मी पुरावा नाहीसा करतो आहे. यातलं एक मशीन जरी उचलून पाटोद्याला नेलं असतं तरी एका बाईची कडी निघाली असती. मी नेलं नाही. पुढे माझा प्रोग्रॅम जुना झाला, विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर चालेना, दुकानदारांनी दुसरे घेतले. इन्स्टिट्यूटही मिटली.

अण्णा गेले. तेव्हाही मी बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी पाटोद्याला गेलो. दुकान आता अण्णांचा मुलगा चालवतो. त्या दिवसांत तो शिकायला बाहेर होता. मी त्याला म्हणालो, तुमच्या आईशी बोलायचंय, पण तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी समोर बसलं पाहिजे. खोटं चारचौघांत बोललो होतो, खरं एकटं गाठून सांगण्यात अर्थ नव्हता.

वहिनी पलंगावर बसल्या होत्या. अंगाने निम्म्या झालेल्या, पण मला ओळखलं. मी सगळं सांगितलं. दोन ठिकाणी ठेवलेली फाइल, माजलगावची गाडी, दुपारी दिंद्रुडला मी काय ऐकलं, काय पुसलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"मग आवाज म्हातारा कावून होता?"

"त्या मशीनला स्पीकर नव्हते, वहिनी. आत एक बारका असतो, त्यातून यायचा. मशीन हळू होतं, म्हणून ती हळू बोलायची."

"थकली नव्हती?"

"नाही. ती तशीच होती. पाटोद्याला बोलली तशीच."

त्यांनी मान डोलावली. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं?" आवाजात राग नव्हता. बरीच वर्षं आपण सांगत असलेला पत्ता शेवटी कुणाला तरी सापडावा, असं काहीसं होतं.

मुलगा जमिनीकडे बघत होता. माझ्याकडे बघणं त्याला जमत नव्हतं, आणि आईकडेही.

"अजून कुठं हाय ती?" वहिनींनी मला विचारलं.

मी काय कुठे ठेवलं याची नोंद मी कधी केलीच नव्हती. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भंगारात. "माहीत नाही," मी म्हणालो. "असेलही कुठे."

"असंल तर आता काढू नका."

बाहेर दुकानातला दिवा लागला. सून सवयीने उठली होती. फळीवरची डबी काढून तिने गोळी तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचं फुलपात्र, आणि तशीच थबकली. नवऱ्याकडे बघू लागली. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, जणू तेही मीच सांगायचं होतं.

वहिनींनी हात पुढे केला.

"दे," त्या म्हणाल्या. "आता गोळीबिगर झोप येत न्हाई."

गोळी गिळून त्यांनी फुलपात्र परत दिलं आणि दाराकडे तोंड करून बसल्या. मी उठलो. बाहेर मुलगा शटर ओढायला गेला होता, पण ओढत नव्हता. हात वर करून नुसता उभा होता.